दारू पिणाऱ्याची नजर का मंदावते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तपासणीच्या खोलीत हे प्रश्न पिणारा माणूस सहसा विचारत नाही. "नंबर वाढलाय बहुतेक" एवढं म्हणून तो खुर्चीत बसतो. प्रश्न येतात ते बायकोकडून, मुलीकडून, भावाकडून, आणि त्यातले बरेचसे तो बाहेर गेल्यावर, दार अर्धवट लोटून, हळू आवाजात. म्हणून उत्तरं लिहिताना तीच माणसं डोळ्यापुढे ठेवली आहेत. स्वतः पिणारे कोणी वाचत असतील तर फारच छान. तुम्हाला इथे कोणी रागावणार नाही.

नवा चष्मा केला तरी धूसरच दिसतं. नंबर चुकला असेल का?

एकदा चुकू शकतो. दोनदा चष्मा बदलूनही तेच रडगाणं चालू असेल तर काचेला दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही एक साधी युक्ती करतो. बारीक भोक पाडलेली काळी पट्टी डोळ्यापुढे धरायला देतो. नंबरचाच प्रश्न असेल तर त्या भोकातून अक्षरं ठळक होतात. काहीच फरक पडला नाही आणि भिंगही स्वच्छ असेल, तर लक्ष डोळ्याच्या आतल्या पडद्याकडे आणि त्यामागून मेंदूकडे जाणाऱ्या नसेकडे वळवावं लागतं.

बरीच वर्षं रोज पिणाऱ्या आणि त्यापायी धड न जेवणाऱ्या माणसात या नसेला खायला मिळत नाही आणि ती मलूल होते. डॉक्टरी भाषेत याला पोषणजन्य ऑप्टिक न्यूरोपॅथी म्हणतात. जुन्या कागदांवर 'टोबॅको-अल्कोहोल अ‍ॅम्ब्लिओपिया' असंही लिहिलेलं सापडेल. मला ते नाव आवडत नाही. त्यात तंबाखू आहे, दारू आहे, पण खरा गुन्हेगार असलेला उपास कुठेच नाही. शिवाय अ‍ॅम्ब्लिओपिया म्हटलं की लोकांना लहान मुलांचा आळशी डोळा आठवतो, त्याचा इथे काडीचाही संबंध नाही.

सुरुवात कशी ओळखायची?

दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. त्यामुळे सुरुवात कोणाच्या लक्षातच येत नाही. आठवड्यांमागून आठवडे दोन्ही डोळ्यांची नजर जवळजवळ सारखीच उतरत जाते. एक डोळा चांगला आणि एक वाईट असं असतं तर माणूस लवकर घाबरला असता. दोन्ही एकत्र उतरतात म्हणून 'वय झालं' म्हणून सोडून देतो.

पण ऐकणाऱ्याने कान उघडे ठेवले तर काही वाक्यं पुन्हा पुन्हा कानावर येतात. "समोरच्याचा चेहरा पुसल्यासारखा दिसतो, पण कपडे ओळखतो." "वाचताना मधलंच अक्षर गायब होतं." "संध्याकाळच्या मंद उजेडात उलट बरं वाटतं." वाचायला लावलं की मान थोडी तिरकी होते. अक्षराकडे सरळ न बघता त्याच्या बाजूला बघून माणूस ते पकडायला जातो. त्याला स्वतःला हे करतोय याचा पत्ता नसतो. शेजारी उभ्या बायकोला मात्र असतो, "हल्ली असेच बघतात" असं ती सांगते.

रंग त्याहूनही आधी फिके पडतात, विशेषतः लाल. बाटलीचं लाल झाकण घ्या. आधी नाकासमोर धरा, मग हळूहळू बाजूला न्या, आणि एका डोळ्यावर हात ठेवून बघणाऱ्याला विचारा, कुठे जास्त लाल दिसतं? निरोगी डोळ्याला मधोमध सर्वांत भडक दिसतं. ही नस थकलेली असेल तर मधे विटकरी, मातकट दिसतं आणि बाजूला नेल्यावर रंग खुलतो. एका डोळ्याचं झालं की दुसऱ्याचं करा. झाकणावरून निदान होत नाही, पण डॉक्टरांकडे आज जायचं की पुढच्या महिन्यात, हे ठरवायला ते पुरतं. उत्तर 'आज'.

डोळ्यात नेमकं बिघडतं तरी काय?

पडद्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत सुमारे १० ते १२ लाख तंतू असतात. त्यांतली सर्वांत बारीक तंतूंची जुडी पडद्याच्या मधल्या बिंदूपासून निघते. वाचणं, चेहरे ओळखणं, रंग पारखणं ही सगळी बारीक कामं तिच्याकडे. डोळ्याच्या आत असेपर्यंत या तंतूंवर चरबीचं वेष्टण नसतं. वेष्टण असलेल्या तंतूत संदेश उड्या मारत जातो, उघड्या तंतूत त्याला पावलापावलाने रेटावं लागतं, आणि त्याला ऊर्जा फार लागते. ती ऊर्जा पेशीतल्या मायटोकाँड्रिया बनवतात, आणि मायटोकाँड्रियांना बी गटातली व्हिटॅमिनं लागतात.

पुरवठा आटला की सर्वांत आधी कोण कोलमडणार? ज्याचा खर्च जास्त आणि साठा कमी, तो. म्हणून मधली नजर जाते आणि कडेची शाबूत राहते. असा माणूस खोलीत न धडपडता चालतो, खुर्चीला वळसा घालून जातो, आणि मग समोर ठेवलेल्या कागदावरचं आपलं नाव त्याला वाचता येत नाही. घरच्यांना वाटतं सोंग करतोय. करत नसतो.

म्हणजे दारूने नस जळते असं नाही?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण याच्या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

साध्या पिण्याच्या दारूने, म्हणजे इथेनॉलने, डोळ्यांची नस थेट जळते असं पूर्वी सर्रास मानलं जाई. १९४४ मध्ये फ्रँक कॅरोल या नेत्रतज्ज्ञांनी एक धाडसी गोष्ट प्रसिद्ध केली. अशा रुग्णांना त्यांची रोजची दारू आणि धूम्रपान चालूच ठेवू दिलं, फक्त जोडीला चांगला आहार आणि बी गटाची व्हिटॅमिनं दिली. नजर सुधारली. आज असा प्रयोग कोणी करायला धजणार नाही, पण त्यातून दिशा मिळाली: नस उपाशी होती.

दारूचा फारसा संबंध नसतानाही हाच आजार होतो, हा दुसरा पुरावा. दुसऱ्या महायुद्धात आशियातल्या युद्धकैद्यांच्या छावण्यांमध्ये निकृष्ट अन्नावर जगणाऱ्या सैनिकांची मधली नजर अशीच गेली. आणि क्यूबाचं उदाहरण तर आमच्या व्यवसायात प्रत्येकाला शिकवलं जातं. सोव्हिएत संघ कोसळला, अन्नाची आयात आटली, आणि १९९१ ते १९९३ या काळात तिथे ५० हजारांहून जास्त लोकांना डोळ्यांच्या किंवा हातापायांच्या नसांचा आजार झाला. जेवणं चुकवणारे, धूम्रपान करणारे, पिणारे यांना धोका जास्त होता. लहान मुलं आणि गरोदर बायका बऱ्याच अंशी वाचल्या, कारण उपलब्ध अन्नात त्यांना आधी वाटा मिळत होता. १९९३ मध्ये सरकारने सगळ्या लोकसंख्येला व्हिटॅमिनच्या गोळ्या वाटल्या आणि साथ ओसरली.

याचा अर्थ दारू निर्दोष आहे असा कोणी लावू नये. पोट रिकामं ठेवणारी तीच, आणि पोटात गेलेलं अंगी लागू न देणारीही तीच.

पण आमचे हे तर जेवतात. वजनही चांगलं आहे. मग कमतरता कशी?

वजनावर जाऊ नका. एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये सुमारे ७ कॅलरी असतात, म्हणजे साखरेपेक्षा जास्त आणि तुपातेलापेक्षा थोड्याच कमी. रोज बरीच पिणाऱ्याच्या दिवसभराच्या कॅलरींचा मोठा हिस्सा बाटलीतून येतो. पोट भरल्यासारखं वाटतं, अंगावर चरबीही दिसते, पण त्यात प्रोटीन आणि व्हिटॅमिनं जवळपास शून्य. एकदा "जेवतात" म्हणजे काय ते नीट मोजून बघा. सकाळी मळमळ म्हणून काही नाही, दुपारी दोन घास, रात्री पिताना काहीतरी खारट, आणि ताट वाढेपर्यंत झोप. तीन दिवस वहीत लिहून ठेवलं की चित्र स्पष्ट होतं.

जे पोटात जातं त्याचंही पूर्ण सोनं होत नाही. दारूमुळे आतड्याचं अस्तर बिघडतं आणि थायमिन (म्हणजे बी-१) आणि फोलेट (तेही बी गटातलंच) या व्हिटॅमिनांचं शोषण घटतं. यकृत खराब झालं की साठवण घटते. लघवीवाटे मॅग्नेशियम निघून जातं, आणि मॅग्नेशियम नसेल तर असलेलं थायमिनही शरीराला नीट वापरता येत नाही. वारंवार उलट्या, जुनाट जुलाब, सुजलेलं स्वादुपिंड हे पाहुणेही बऱ्याचदा मुक्कामाला असतातच.

नेमकं कोणतं व्हिटॅमिन कमी पडतं?

बहुतेकदा एकच असं नसतं. ज्याचं ताट रिकामं, त्याचं सगळंच कमी. तरी मुख्य संशयित तीन: बी-१, बी-१२ आणि फोलेट. त्यांचे शरीरातले साठे फार वेगवेगळे आहेत. बी-१ चा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतो. फोलेट साधारण तीन-चार महिने. बी-१२ काही वर्षं. त्यामुळे आठ-पंधरा दिवस काही न खाता पीत राहिलेल्या माणसात सर्वांत आधी बी-१ संपतं, आणि त्याचा फटका कसा बसतो ते पुढे येईलच. रायबोफ्लेविन, नायसिन, बी-६ आणि तांबं यांचीही कमतरता जोडीला असू शकते. तांब्याची आठवण डॉक्टरांनाही उशिरा होते, विशेषतः पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा जस्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्या रुग्णात.

सिगारेटचा यात काय संबंध?

तंबाखूच्या धुरात सायनाइड असतं, थोड्या प्रमाणात. निरोगी शरीर ते रोजच्या रोज निकामी करतं. त्यासाठी प्रोटीनमधून मिळणारं गंधक लागतं, आणि बी-१२ चं एक रूपही सायनाइडला पकडून लघवीवाटे बाहेर काढतं. प्रोटीन नाही, बी-१२ नाही, आणि धूर मात्र चालू, अशा वेळी सायनाइडचा निचरा मंदावतो. सायनाइड मायटोकाँड्रियांवरच घाव घालतं. म्हणजे आधीच उपाशी असलेल्या नसेच्या गळ्यावर पाय. दारूबाबत मी वेळ देते, सिगारेटबाबत मात्र पहिल्याच भेटीत आग्रह धरते, कारण ती अचानक सोडली म्हणून जिवाला धोका होत नाही.

काल रात्री पिऊन आले, आज अचानक काहीच दिसत नाही म्हणतात.

हे वाचत बसू नका. रुग्णालयात न्या, लगेच.

हा वर सांगितलेला सावकाश आजार नव्हे. ही मिथेनॉलची, म्हणजे भेसळीच्या विषारी दारूची, विषबाधा असू शकते. शरीरात मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते नस काही तासांत मारतं. लक्षणं यायला साधारण १२ ते २४ तास लागतात, म्हणून "काल तर ठीक होते" हे वाक्य दिलासा देत नाही. डोळ्यांपुढे धुकं किंवा बर्फ पडल्यासारखं दिसणं, पोटात कळा, उलट्या, जोरजोरात श्वास, गुंगी ही लक्षणं. अवघ्या १० मिलिलिटर शुद्ध मिथेनॉलने दृष्टी गेल्याची नोंद आहे. उतारा आहे, डायलिसिस आहे, पण घड्याळाशी शर्यत आहे. सोबत प्यायलेल्या बाकीच्यांनाही शोधून न्या, त्यांना काही होत नसलं तरी. आणि घरी "अजून थोडी दे, उतरेल" हा उपाय कोणी करू नये.

एकाचे दोन दिसतात, चालताना झोक जातो, बोलणं गोंधळलेलं आहे. नशा उतरली नाही एवढंच ना?

कदाचित. पण पिऊन बराच वेळ झाला तरी तसंच असेल तर बी-१ च्या तीव्र कमतरतेने मेंदूवर झालेला हल्ला असू शकतो. १८८१ मध्ये कार्ल वेर्निक यांनी तो वर्णिला, म्हणून वेर्निक एन्सेफॅलोपॅथी. बुबुळं थरथरतात, एका बाजूला वळत नाहीत, तोल जातो, भान हरपतं. ही तिन्ही लक्षणं एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात, म्हणून सगळी जमण्याची वाट बघायची नसते. थायमिन शिरेतून मोठ्या मात्रेत द्यावं लागतं, आणि ग्लुकोजची बाटली त्याच्या आधी लावू नये हे डॉक्टरांना ठाऊक असतं. तुम्ही फक्त एक करा: "हे रोज पितात आणि गेले इतके दिवस काही खाल्लेलं नाही" हे तोंडाने सांगा. इमर्जन्सीच्या धावपळीत ही माहिती सोन्याच्या मोलाची असते. उशीर झाला तरी डोळ्यांची हालचाल बऱ्याचदा सुधारते, स्मरणशक्ती मात्र कायमची जाऊ शकते.

संध्याकाळनंतर दिसत नाही, दिवसा ठीक असतं. तेही यातलंच?

ते वेगळं. बी गटाच्या कमतरतेत मधली नजर जाते आणि मंद उजेडात उलट बरं वाटू शकतं, हे वर आलं. अंधारातच अडखळणं, म्हणजे रातांधळेपणा, व्हिटॅमिन ए कमी असल्याची खूण. ए चा बहुतेक साठा यकृतात असतो, आणि पिणाऱ्याचं यकृतच आजारी असतं. जस्त कमी असेल तर साठ्यातलं ए बाहेरही काढता येत नाही. डोळे कोरडे पडतात, बुबुळाच्या बाजूला पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग येतो. उपचाराने हा प्रकार काही दिवसांत सुधारू लागतो, पण ए च्या गोळ्या मनाने मात्र घ्यायच्या नाहीत. जास्त झालेलं ए यकृताला विष आहे, आणि दारूच्या जोडीने तर अधिकच.

डॉक्टर काय तपासतात?

अक्षरांचा तक्ता, रंगीत ठिपक्यांमध्ये लपलेले आकडे, बाहुलीवर टॉर्च, आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी. या शेवटच्या चाचणीला लोक कंटाळतात. अर्धगोलात डोकं ठेवून ठिपका दिसला की बटण दाबायचं, बस्स. पण निदान तिथेच हातात येतं. मधल्या बिंदूपासून प्रत्येकाच्या डोळ्यात असणाऱ्या नैसर्गिक आंधळ्या ठिपक्यापर्यंत पसरलेला एक आडवा डाग उमटतो, दोन्ही डोळ्यांत जवळजवळ सारखा. ओसीटी नावाच्या स्कॅनमध्ये तंतूंचा थर किती पातळ झालाय ते मोजता येतं.

एक फसवी बाब सांगून ठेवते. सुरुवातीला नसेचं टोक तपासणीत अगदी नॉर्मल दिसू शकतं. "डोळे ठीक आहेत" असं सांगून परत पाठवलेले रुग्ण मी पाहिले आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकूनही नजर आली नाही म्हणून आलेलेही पाहिले आहेत. त्यांचा मोतीबिंदू होता, पण एवढा नव्हता. नसेच्या टोकाचा फिकटपणा नंतर येतो, आणि तो आल्यावर खेळ अर्धा हरलेला असतो.

रक्ताच्या तपासण्यांत रक्तपेशी, बी-१२, फोलेट, यकृताच्या चाचण्या, गरजेप्रमाणे तांबं. इथेही एक खोच आहे. आजारी यकृतातून बी-१२ रक्तात सांडतं, त्यामुळे रिपोर्टमध्ये आकडा चांगला येतो आणि पेशी मात्र उपाशी असतात. अशा वेळी मिथाइलमॅलोनिक आम्ल आणि होमोसिस्टीन या चाचण्या खरं सांगतात. लाल पेशींचा आकार वाढलेला असतो, पण तो नुसत्या दारूनेही वाढतो.

आणि सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे खरं उत्तर. "कधीतरी घेतो" म्हणजे डॉक्टरांनी काय लिहायचं? रोज किती, किती वर्षं, शेवटचं पोटभर जेवण कधी, हे तीन प्रश्न विचारले नाहीत तर तुम्ही आपणहून सांगा.

दुसरं काही कारण असू शकतं का?

असू शकतं, आणि 'पितो ना, मग दारूच' असं म्हणून फाइल बंद करणं हीदेखील चूकच. एका डोळ्यातच बिघाड असेल, डोळा हलवताना दुखत असेल, डोकेदुखी असेल किंवा कडेची नजर गेली असेल तर मेंदूचा एमआरआय आणि इतर तपास हवा. टीबीवरचं इथॅम्ब्युटॉल, लिनेझोलिड हे अँटिबायोटिक, आणि दारू सोडवण्यासाठी दिलं जाणारं डायसल्फिराम, यांनीही नसेवर असाच परिणाम होऊ शकतो. शेवटचं क्वचित, पण लक्षात ठेवण्यासारखं. आईच्या बाजूने घरात कोणाची, विशेषतः तरुण पुरुषांची, नजर अशी गेली असेल तर लेबर्स नावाचा आनुवंशिक आजार तपासावा लागतो. दारू आणि धूम्रपान त्याला डिवचतात असं मानलं जातं.

उपचार काय?

कंटाळवाणा वाटेल इतका साधा. बी-१२ ची इंजेक्शनं, बहुतेकदा १,००० मायक्रोग्रॅमची, आधी जवळजवळ आणि मग अंतर वाढवत. थायमिन रोज, साधारण १०० मिलिग्रॅम, आणि वेर्निकची शंका असेल तर त्याच्या कितीतरी पट, तेही शिरेतून. फोलिक आम्ल (फोलेटचंच गोळीतलं रूप), बी गटाची बाकीची व्हिटॅमिनं, मॅग्नेशियम कमी असेल तर तेही. आणि प्रोटीन असलेलं रोजचं जेवण. डोळ्यांत घालायचा कोणताही थेंब या नसेपर्यंत पोचत नाही. चष्म्याचाही उपयोग नाही. अमुक थेंबांनी नस जिवंत होते असं कोणी सांगितलं तर पैसे खिशातच ठेवा.

ते दारू सोडायला तयारच नाहीत. मग व्हिटॅमिन देऊन काय फायदा?

फायदा आहे. सुरू करा. घरोघरी हीच गाठ बसलेली असते, "आधी सोडू दे, मग बघू." सोडायला सहा महिने लागले तर तेवढ्यात तंतू मरतात, आणि मेलेला तंतू सोडल्याच्या आनंदात परत उगवत नाही. वर सांगितलेली १९४४ ची गोष्ट आठवा. पिणाऱ्या माणसाची नससुद्धा अन्न आणि व्हिटॅमिनला प्रतिसाद देते.

इंजेक्शन देणं म्हणजे पिण्याला परवानगी देणं असं काही घरांत वाटतं. मला ते पटत नाही. शिक्षा म्हणून कोणाचे डोळे जाऊ द्यायचे नसतात. उलट अनुभव असा आहे की चार अक्षरं पुन्हा वाचता आली की माणूस स्वतःहून दुसऱ्या विषयावर बोलायला तयार होतो. तेव्हा व्यसनमुक्तीचा पत्ता द्यावा. त्याआधी नाही असं नव्हे, पण तेव्हा तो कागद खिशात राहतो, फेकला जात नाही.

मग उद्यापासून एकदम बंद करायला लावू का?

बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी अचानक तोडू नका. सहा ते बारा तासांत थरथर, घाम, बेचैनी सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, भास, ताप, जीव जाण्यापर्यंत मजल जाऊ शकते. औषधांच्या आधाराने, डॉक्टरांच्या देखरेखीखाली हे सुरक्षितपणे होतं. बाटल्या ओतून देणाऱ्या घरच्यांचा राग मला समजतो, तरी हे सांगावंच लागतं.

जेवणात काय द्यायचं?

अंडी, दूध, मासे, मांस यांत बी-१२ असतं. हिरव्या पालेभाज्यांत आणि डाळींत फोलेट. अखंड धान्यात आणि डाळींत बी-१. मांसाहार न करणाऱ्याला दुधावर विसंबून चालणार नाही, त्याला बी-१२ बाहेरूनच द्यावं लागेल. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. बरेच दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या माणसापुढे एकदम भरलेलं ताट ठेवू नका. अशा शरीरात अचानक अन्न पडलं की रक्तातलं फॉस्फेट कोसळतं आणि हृदयावर बेतू शकतं. पहिले काही दिवस रक्ततपासणीसकट डॉक्टरांच्या नजरेखाली काढलेले बरे.

दुकानातून बी-कॉम्प्लेक्स आणून दिलं तर?

डॉक्टरांची भेट परवा असेल तर आज गोळी द्यायला हरकत नाही. पण फक्त रक्ताचा नमुना आधी देता आला तर उत्तम, नाहीतर नंतर आकडे फसवतात. नुसतं फोलिक आम्ल मात्र देऊ नका. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी-१२ अभावी नसांची हानी आतल्या आत चालू राहते. बी-६ मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच हातापायांच्या नसा बिघडतात. आणि तोंडावाटे दिलेल्या गोळ्या बिघडलेल्या आतड्यातून किती शोषल्या जातील याचा भरवसा नसतो, म्हणून तर इंजेक्शन.

नजर किती परत येईल?

लवकर पकडलं तर बरीच, कधीकधी पूर्ण. सुधारणा काही आठवड्यांत दिसू लागते आणि महिनोन्‌महिने चालू राहते. तक्त्यावरची ओळ आधी सुधारते, रंग मागून येतात, डाग सर्वांत शेवटी पुसट होतो. नसेचा रंग पांढरट पडलेला असेल, म्हणजे लोक ज्याला 'नस सुकली' म्हणतात ते झालं असेल, तर जे गेलं ते बहुतेक गेलं, पण उरलेलं राखता येतं. पूर्ण काळोख मात्र या आजारात होत नाही. तसा झाला असेल तर कारण दुसरं शोधायचं.

तीन आठवड्यांत फरक नाही म्हणून इंजेक्शनं सोडून देणारे बरेच असतात. निदान तीन-चार महिने द्या. दर भेटीला तेच लाल झाकण घेऊन या, मी तेच विचारते.

हातापायांना मुंग्या येतात, तळव्यांची आग होते. त्याचाही याच्याशी संबंध?

बहुधा हो. डोळ्यांची नस उपाशी असताना पायांच्या नसा तृप्त कशा असतील? औषधही तेच.

गाडी चालवू द्यायची का?

नाही. आणि इथे तो हमखास वाद घालतो, कारण कडेची नजर चांगली असल्याने त्याला रस्ता 'दिसतो'. पण सिग्नलचा लाल दिवा आणि रस्ता ओलांडणाऱ्याचा चेहरा नेमका त्या मधल्या डागात पडतो. दृष्टिक्षेत्राची चाचणी पुन्हा होऊन डॉक्टर लेखी 'हरकत नाही' म्हणेपर्यंत किल्ली घरच्यांकडे. यंत्रावर, उंचावर काम करणाऱ्यांनाही हेच. दरम्यान वाचायला मोठं भिंग, फोनवर मोठी अक्षरं, आणि टेबलावर दिवा मागून, खांद्यावरून. औषधांच्या पट्ट्यांवर मोठ्या जाड अक्षरांत काळ्या पेनाने 'सकाळ' आणि 'रात्र' लिहून ठेवा. लाल पेनाने लिहू नका, त्याला ते दिसणार नाही.